लाल घोड्याखालची सही

ही हकीकत शंभर टक्के खरी आहे, कारण ती माझ्या मामाची आहे. मामाला साधा विनोद रंगवून सांगता येत नाही, तो भुताची गोष्ट काय रचणार?

मागचा हिवाळा. दुसऱ्या मजल्यावरची त्याची मागची खोली.

त्या खोलीत मामाची जुनी पोस्टरं असतात. सर्कशीची, नाटकांची, प्रदर्शनांची. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत चित्रकाराने स्वतः पेन्सिलीने सही केलेली हवी. नसेल तर मामा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

सगळ्यांत लाडकं होतं लाल घोड्याचं. एकदा त्याच्या लेकीने, सात वर्षांच्या खारूने, त्या सहीशेजारी आपलं नाव लिहिलं.

"मीपण सही केली, बाबा."

मामा रागावला नाही. मऊ खोडरबराने त्याने तिचं नाव अलगद खोडलं. ब्रशने भुगा झाडला. खारू शेजारी उभी राहून बघत होती.

अकराव्या वर्षी ती तापाने गेली.

मामा पार कोलमडला. तिच्या वह्या होत्या, फ्रॉक होते. पण त्याला हवं होतं ते एकच नाव, जे त्याने आपल्या हाताने पुसलं होतं.

मग त्या हिवाळ्यात, एका दुपारी, मागच्या खोलीतून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

मामा धावत गेला. आत कोणी नव्हतं. पण नाटकाच्या एका पोस्टरवरची सही...

गायब.

खाली रबराचा भुगा. नीट झाडून कडेला केलेला.

"अहो, उंदीर असेल," मामी म्हणाली.

"उंदीर ब्रशने झाडतो का गं?"

दुसऱ्या दिवशी आणखी एक सही गेली. मग आणखी एक.

मामाने खोलीला कुलूप लावलं नाही. उलट, रोज सकाळी मन लावून टोक काढून पेन्सिल टेबलावर ठेवू लागला.

"जागा करतेय ती," तो म्हणाला. "लिहील."

पण पट्ट्या कोऱ्याच राहिल्या.

शेवटी फक्त लाल घोडा उरला. त्याला कोणी हात लावेना. बरेच दिवस आवाजही आला नाही. हे बाबांचं लाडकं, म्हणून घाबरत असेल पोर, असं मामाला वाटलं.

एका संध्याकाळी त्यानेच रबर उचललं. रडून रडून चष्मा धुरकटला होता, तो काढून ठेवला.

"घे राजा. ही जागा तुझी."

आणि त्याने सगळी पट्टी पुसून काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग दिवा लावला. चष्मा घातला. पट्टी कोरी होती.

पण टेबलावरची पेन्सिल...

तिचं टोक झिजलं होतं. सकाळीच काढलेलं टोक.

मामाने पोस्टर दिव्याखाली तिरकं धरलं. कागदावर खारूच्या नावाचा दाब दिसत होता. तो जुना होता की त्या दिवशीचा, हे एवढ्या जाणकार माणसालाही सांगता आलं नाही.

त्यानंतर आवाज कधीच आला नाही.

मामी म्हणते, पोरीला शांती मिळाली. परवा गेले तर मामा त्याच खोलीत बसला होता. मला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं,

"चष्मा लावून बघायला काय झालं होतं गं मला?"