एक नंबरचा वारा

हसा, हसा. मागच्या वेळी मी अंधारात तुमच्या पाठीमागे मांजर सोडलं होतं, म्हणून आजही थापच वाटणार. पण ही गोष्ट माझ्या साडूच्या गॅरेजातली आहे. आणि साडू असा सरळ माणूस, की त्याला थाप मारायला सांगितलं तर ती आधी जॅकवर चढवून खालून तपासेल.

गेल्या हिवाळ्यातली, दुसऱ्या शनिवारची रात्र. साडू शटर ओढणार, तेवढ्यात अंडीवाल्याची पिकअप दारात येऊन थांबली. हा अंडीवाला आणि त्याची बायको, दोघं मिळून धंदा करायचे. पहाटे गाडी भरायची, घाट उतरून शहरात अंडी पोचवायची. ती शेजारी बसून सगळा रस्ता बोलायची. तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. पावसाळ्यात तापानं गेली.

"मिस्त्री, हीटरचा पंखा बघ जरा. फक्त चारवर चालतो."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"आणि आत्ता आठवण झाली? गोठले वाटतं पाय!"

"चारवर घों घों करतो. तेवढीच सोबत." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण हल्ली घाटात बटण आपोआप फिरायचं. टक, टक, टक. एकवर. वारा अगदी हळू व्हायचा. मी चारवर करायचो, ते परत एकवर. काल डॅशबोर्डवर बुक्की मारली. म्हटलं, गप बस की आता! तेव्हापासून फिरलं नाही. आता एकवर केलं तर वाराच येत नाही."

साडूनं फ्यूज बघितला. ठीक. बटणामागे टेस्टर लावला. तिथवर करंट ठीक. मग शेजारच्या सीटपुढे वाकून डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, दोन स्क्रू काढले आणि रेझिस्टर बाहेर ओढला. म्हणजे काय, तर पट्टीवर बसवलेली तारेची वेटोळी. करंट त्यातून गेला की तार तापते, पंखा हळू फिरतो. तार तुटलेली होती, सॉकेट वितळलेलं. पंख्यात हात घातला तर कोंबड्यांची पिसं. पिसांनी पंखा जड झाला, जड पंख्यानं तार जाळली. रोग एकीकडे, कळ दुसरीकडे.

"ही तुटून महिने झाले," साडू म्हणाला. "गंज बघ. चारवर करंट हिला टाळून सरळ जातो, म्हणून चार चालतो. एकवर वारा आलाच नसणार."

"आला की. घाटात."

"येऊच शकत नाही, गड्या. तुटलेली तार तापायचीही नाही."



साडूनं पिसं काढली, नवं सॉकेट, नवा रेझिस्टर बसवला. एक, दोन, तीन, चार. सगळे चालू. मीही चौथीपर्यंतच शिकलोय, म्हणून मला एवढं समजलं. ए, दात काढू नकोस, तू तिसरीत दोनदा बसलायस!

तरी अंडीवाला निघेना. बटण एकवर करून बसून राहिला.

"एकवर ती करायची," तो म्हणाला. "काही सांगायचं असलं की. चारवर मला ऐकू येत नाही म्हणून."

साडू हात पुसत राहिला.

"मिस्त्री... मी तिला गप बस म्हणालो."

...

"जुना परत बसव."

"अरे, पण तो जळलाय."

"नव्यावर वारा आला तर पंख्याचा. जुन्यावर आला तर तिचा."

साडूनं मुकाट्यानं बसवला. आणि बाहेरच उभा राहिला. तिच्या सीटवर कोण बसणार?

बटण एकवर.

वारा नाही.

"बोल," अंडीवाला म्हणाला.

...

"चारवर नाही करत मी. शप्पथ. बोल ना गं..."

...

काचेवर वाफ धरली. एकट्याच्याच श्वासाची.

उजाडायच्या सुमारास तो म्हणाला, "राहू दे. नवा लाव. अंडी पोचवायचीत."

अजूनही घाटात तो बटण एकवरच ठेवतो. पाय बधिर होतात. चारवर नेत नाही.

त्या पहाटे तो गाडी घेऊन निघून गेला. साडूनं जुना रेझिस्टर भंगाराच्या डब्यात टाकायला उचलला...

आणि टाकला नाही.

अंडीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तरी कसं? तो बोलत होता तेव्हा ती होती, आणि वारा काही आला नाही, असं?

हा बघा, तोच जुना रेझिस्टर. रुमालात बांधून आणलाय. इथं शेकोटी नाही, चूल नाही. माझे हात बर्फ आहेत, गालाला लावून बघ. पटलं? थापच म्हणतोस ना? मग हा धर. नीट धर, मुठीत.

...

का रे?

चटका बसल्यासारखा हात का मागे घेतलास?