अर्ध्या वाटेवर

गेल्या शनिवारी संध्याकाळी दीक्षा आमच्याकडे शाल न्यायला आली.

शाल तिच्या मावशीची. राखाडी, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग पडलेली. सरलाताई ती कधीतरी आमच्याकडे विसरून गेली होती आणि गेली चार वर्षं ती कपाटात पडून होती. दीक्षाला नागपूरहून इथे सांता क्लारात नोकरीला येऊन जेमतेम महिना झाला होता. शाल घ्यायची, चहा प्यायचा, जायचं, एवढंच काम. पण दुपारपासून वारा सुटला होता. असा कोरडा वारा सुटला की वीज कंपनी तारांमधली वीजच बंद करून टाकते, ठिणगी नको म्हणून. उत्तरेकडे कुठेतरी डोंगर पेटलेला होता आणि त्याची राख, मैदा चाळावा तशी, आमच्या गल्लीवर पडत होती. टेबलावर बॅटरीचा कंदील. स्वयंपाकघरात रेणू, माझी बायको, कॅम्पिंगच्या शेगडीवर चहा टाकत होती.

दीक्षानं शाल मांडीवर घेतली. वास घेतला. मग म्हणाली, "काका, मावशी नेमकी कशी गेली? तुम्ही आईला फोनवर सांगितलंत ते मला पाठ आहे. पण एकदा समोर बसून सांगा ना."

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी राजाराम, मूळचा कराडचा, वय चोपन्न, आणि थापाड्या. ही बदनामी नाही, ओळख आहे. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, लोक माझ्या टेबलाशी जेवणासाठी नाही, थापांसाठी बसतात. योसेमिटीत अस्वलानं माझा ठेचा खाल्ला आणि मग रात्रभर तंबूबाहेर पाणी मागत उभं राहिलं, ही माझी गाजलेली थाप. अस्वल नंतर 'अजून आहे का' असं विचारून गेलं, हे मी फक्त जवळच्या माणसांना सांगतो.

सरलाताई जवळची होती. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. तीस वर्षं नर्स होती सॅन होजेत. मी विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा पहिलं वर्ष तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, एकनाथरावांनी, मला जेवू घातलं. निवृत्त झाल्यावर दोघं डोंगरात राहायला गेली, रेडवुडच्या झाडीत, लाकडी घरात. इथून चाळीस मिनिटं. एकनाथराव गेले तरी ती तिथेच राहिली. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची लाकडी मूर्ती, आणि देव, भूत, नवस असल्या कशावरही काडीचा विश्वास नाही.

"भुतं असती ना राजाराम," ती म्हणायची, "तर नाइट ड्यूटीला मला मदतीला ठेवली असती की!"

माझ्या थापा मात्र ती लिहून ठेवायची. खोटं नाही सांगत. एक पिवळी वही होती. नर्स लोक पेशंटच्या चार्टवर लिहितात तसं, चोवीस ताशी वेळ, मग निरीक्षण, मग शेवटी शेरा. '१३:१०. राजाराम म्हणतो, अस्वलाला ठेचा आवडला.' आणि पुढे शेरा: 'थाप.' शेवटी शेवटी तिच्या नजरेच्या मधोमध डाग आला, समोरचं दिसेना, गाडी चालवणं सुटलं. मग ती जाड काळ्या मार्करनं बोटाएवढी अक्षरं काढायची. एका पानावर दोन थापा मावायच्या.

मी एकदा गमतीनं म्हटलं, "ताई, उद्याची थाप आजच लिहून ठेव, वेळ वाचेल."

ती एकदम गंभीर झाली. "घडलं की लिहायचं. आधी वेळ टाकून ठेवते ती नर्स पेशंट मारते. मी आयुष्यात कधी घडायच्या आधी लिहिलेलं नाही."

आमच्यात एक ठरलं होतं. वणवा आला तर तिनं बॅग घेऊन पायरीवर यायचं आणि मी तिला न्यायला जायचं. ती निळी चौकोनी बॅग दाराशी तयारच असायची. औषधं, कागद, एकनाथरावांचा फोटो, पिवळी वही.

त्या ऑगस्टमध्ये विजा कोसळून डोंगर पेटला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर सगळं नारिंगी झालं, आणि मग नारिंगीही गेलं. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले. पक्षी गप्प. नळाच्या पाण्यालासुद्धा जळक्या लाकडाचा वास येतोय असं वाटायचं. तीन वाजून पाच मिनिटांनी ताईचा फोन आला.

"राजाराम, शेरीफचा माणूस दार वाजवून गेला. निघा म्हणाला. शेजारचा डेव्ह ट्रक घेऊन उभा आहे, चल म्हणतोय. जाऊ का त्याच्याबरोबर?"

"कशाला ताई? मी निघालोय. अर्ध्या वाटेवर आहे. पंधरा-वीस मिनिटं."

"थाप नाही ना?"

"ताई! अशा वेळी?"

ती हसली. "बरं. डेव्हला पाठवून देते मग. त्याच्या ट्रकमध्ये त्याची तीन कुत्री आहेत, त्यांना तरी जागा होईल. तू सावकाश ये रे."

हे सगळं दीक्षाच्या आईला मी सांगितलं होतं, फक्त डेव्ह आणि ती 'अर्धी वाट' गाळून. मी सांगितलं होतं, ताईचा फोन ठेवताक्षणी निघालो, पण पोलिसांनी रस्ता अडवला. रेणूलाही हेच सांगितलं. ती त्या दिवशी कामावर अडकली होती. शोकसभेत, त्रिशरण-पंचशील झाल्यावर, माइक हातात घेऊन सत्तर माणसांना हेच सांगितलं. बायका रडल्या. सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

कंदिलाच्या उजेडात दीक्षाचा चेहरा अर्धाच दिसत होता. हनुवटी अगदी ताईची.

"ताईला मी फोनवर म्हटलं, शेजारच्या डेव्हबरोबर जाऊ नको, मी अर्ध्या वाटेवर आहे. पण मी अर्ध्या वाटेवर नव्हतो," मी म्हटलं. "मी या खुर्चीत होतो. अंगात लेंगा. लॅपटॉपवर मीटिंग चालू होती, वीस मिनिटांत संपणार होती..."

तिनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

"आपण सगळेच म्हणतो ना गं तसं. आंघोळीला जाताना म्हणतो, निघालोय. चपला शोधताना म्हणतो, कोपऱ्यावर आलोय. मला वाटलं, आग अजून दोन डोंगर पलीकडे आहे. आणि... तिला न्यायला मीच जावं, डेव्हनं नाही, असंही वाटलं. मीटिंग लांबली. मग पाकीट सापडेना. मी निघालो तेव्हा चार वाजले होते. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता बंद. त्या पोलिसाच्या मी पाया पडलो. तो म्हणाला, सर, वर कोणी राहिलेलं नाही."

"पण मावशी होती," दीक्षा म्हणाली.

"हो."

ती पायरीवर सापडली. बसलेली. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. याहून जास्त मी कधी कुणाला सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही.

मी उठलो आणि फ्रिजवरचा श्रीखंडाचा रिकामा डबा आणला. चार वर्षांत तो मी कुणासमोर उघडला नव्हता.

वणव्यात कागद उडतात. गरम हवेबरोबर वर जातात आणि तीस-चाळीस मैलांवर जाऊन पडतात. हे खरं आहे, कुणालाही विचारा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरची राख पुसताना काचेवर कडा जळालेला पिवळा कागद सापडला, त्यावर जाड मार्करची बोटभर अक्षरं होती, 'अस्वलाला ठेचा,' तेव्हा मी घाबरलो नाही. तिथेच दारासमोरच्या ड्राइव्हवेवर बसून रडलो. वारा होता, विज्ञान होतं.

दुसरा तुकडा शोकसभेच्या संध्याकाळी सापडला. तेव्हा वारा पडून आठवडा झाला होता. गाडी बंद गॅरेजमध्ये होती. काचेवर तोच पिवळा कागद, हात लावला तर कोमट. मी तो डब्यातून काढून दीक्षापुढे ठेवला. तिनं कंदील जवळ ओढला आणि हळू आवाजात वाचलं.

"'१८:३०. राजाराम माइकवर म्हणाला, फोन ठेवताक्षणी निघालो. थाप.'"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काका... हे तुम्ही लिहिलंय?"

"मी लिहिलं असतं तर जास्त चांगलं लिहिलं असतं," मी म्हटलं. सवय, दुसरं काय. हसलं कुणीच नाही.

तिसरा तुकडा मोठा होता, दोन अख्खी पानं एकमेकांना जोडलेली. तो आला बरोबर एका वर्षानं, इथे हिवाळ्यातच पडणारा पाऊस त्या ऑगस्टमध्ये पडला त्या दिवशी. सगळं चिंब होतं आणि हा कागद कोरडा. तो मी तिला वाचू दिला नाही, स्वतःच वाचला. म्हणजे पाठ म्हटला.

'१५:०५. राजाराम म्हणतो, निघालोय. अर्ध्या वाटेवर. शेरा: खरं.'

'१५:२५. धूर वाढला. पायरीवर बसले आहे. राजाराम येतोय.'

'१५:४०. डेव्ह परत आला. हॉर्न वाजवला. ओरडला. नाही म्हटलं. मी इथे नसले आणि राजाराम आला, तर मला शोधत आत शिरेल तो पोरगा.'

'१५:५०. गरम होतंय. येईलच.'

माझ्या हजार थापा लिहिल्या त्या बाईनं. जन्मात एकदाच शेऱ्यात 'खरं' लिहिलं, आणि ते नेमकं या थापेपुढे.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. दीक्षानं शाल दोन्ही हातांत घट्ट धरली होती. बाहेर वारा पडला होता. इतका पडला की राख सरळ खाली येताना कंदिलाच्या उजेडात खिडकीतून दिसत होती.

"आईला मी काय सांगू?" ती म्हणाली. "आई चार वर्षं तुमच्या नावानं आशीर्वाद देतेय. राजारामनं खूप प्रयत्न केला, म्हणते. काका, तुम्ही नुसतं म्हणायचं होतं ना... जा तू डेव्हबरोबर. तीन शब्द."

"हो."

"तीनच शब्द!"

मी मान खाली घातली. म्हणून मला तो पडताना दिसला नाही. दीक्षाला दिसला. तिनं फक्त श्वास आत ओढला.

टेबलावर, कंदिलाशेजारी, चौथा तुकडा होता. खिडक्या बंद होत्या. पंखे बंद. कागदाच्या एका कडेवर बारीक लाल रेघ धुमसत सरकत होती आणि ती आमच्यासमोर विझली. जळक्या वासाबरोबर आणखी एक वास आला, ताईच्या डोक्याला लावायच्या निलगिरीच्या तेलाचा.

मला हात पुढे करवेना. दीक्षानं उचलला.

"'१९:४५. राजारामनं दीक्षाला सांगितलं. रेणू दारामागे उभी आहे, तिनंही ऐकलं. शेरा...'" ती थांबली. "शेरा, 'खरं.'"

मी मागे पाहिलं. रेणू दारातच होती. हातात ट्रे, चहा सांडून ट्रेभर झालेला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं लग्नाच्या सत्तावीस वर्षांत तिनं कधी बघितलं नव्हतं.

"काका, खाली अजून आहे," दीक्षा कुजबुजली.

"वाच."

"'१९:५५. राजाराम काही येत नाही. मीच निघाले. अर्ध्या वाटेवर आहे.'"

मग रेणूनं अगदी हळू विचारलं, "किती वाजलेत?"

दीक्षानं फोन उलटा करून पाहिला. एकोणीस पंचावन्न.

मी आधीच सांगितलंय, ताई घडायच्या आधी कधी लिहीत नाही.

अर्ध्या वाटेवरून आमचं घर वीस मिनिटांवर आहे. दीक्षा म्हणाली, इथून जाऊ या, आत्ताच, माझ्याकडे चला. रेणू चपला शोधायला लागली. आणि मी काय केलं माहितीये? मी पुढचं दार उघडलं, सताड, आणि कंदील उंबऱ्यावर नेऊन ठेवला. भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती एवढ्या लांबून येणार आणि घरी कोणी नसणार, हे माझ्याच्यानं होईना. शेवटी त्या दोघीही दारात येऊन उभ्या राहिल्या. दीक्षानं मावशीची शाल हातावर उघडून धरली होती, पोहून येणाऱ्यासाठी टॉवेल धरावा तशी.

सव्वाआठ वाजले. साडेआठ. गल्लीत कुणी आलं नाही. नऊला वीज आली आणि सगळ्या घरांतले दिवे एकदम लागले.

तेव्हा ड्राइव्हवे दिसला. दिवसभर पडलेली राख, दीक्षा आली तेव्हाची पावलंही बुजवून टाकलेली, पातळ पांढरी. तिच्यावर रस्त्याकडून आमच्या दाराकडे येणारी पावलं होती. छोटी, सावकाश टाकलेली. बरोबर अर्ध्यापर्यंत. तिथून पुढे आलेली नाहीत, मागे गेलेली नाहीत.

शेवटच्या पावलांशेजारी राखेत एक स्वच्छ चौकोन होता. बॅग टेकवून कुणी वाट बघत बसावं, तेवढा.