सावरांक

पकडजाळं आल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत लोक दुचाकी घसरण्याची भीती जवळजवळ विसरले होते. ओल्या रस्त्यावर सांडलेलं ऑइल असो, वळणावर साठलेला चिखल असो, गाडीला ते आधीच ठाऊक असायचं आणि ती आपली आपण वेग आवरायची. टायरच्या रबरात केसासारख्या बारीक तारा विणलेल्या असत. रस्ता चाकाला किती धरून ठेवतो आहे, हे त्या तारांना कळे आणि त्या आसपासच्या सगळ्या गाड्यांना ते कळवत. एका गाडीला जे समजलं ते सगळ्यांना समजलं. म्हणून त्याचं नाव पकडजाळं. हाडांच्या दवाखान्यांतली पावसाळी गर्दी ओसरली होती.

अशा काळात सुनेत्रा मांडलिक भैरीच्या माळावरच्या ट्रॅकवर एकाच मोसमात दोनदा पडली होती. पडता पडता किती वेळा वाचली, हे मोजणं तिनं सोडून दिलं होतं.

सुनेत्रा चव्वेचाळीस वर्षांची होती. शिरोलीतली वडिलांची फाउंड्री आता तीच चालवायची. आठवडाभर भट्टीची धग, कामगारांच्या रजा आणि गिऱ्हाइकांचे फोन. महिन्यातला एक रविवार मात्र तिचा स्वतःचा असे. त्या दिवशी ती ट्रॅक डेला जायची. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची आणि आपली गाडी बंद ट्रॅकवर मनसोक्त पळवायची, एवढंच. भैरीचा माळ गगनबावड्याच्या वाटेवर, डोंगराच्या पोटात. तिथं आषाढात पाऊस नुसता कोसळत असतो आणि काही लोक मुद्दाम त्याच दिवसांत येतात. कोरड्या ट्रॅकवर कुणीही गाडी पळवतं. ओल्यात ब्रेक दाबायचा तोही विचारल्यासारखा आणि वेग देणारा मुठीतला थ्रॉटल उघडायचा तोही चोरून. ही कला सुनेत्राला मनापासून हवी होती आणि नेमकी तीच येत नव्हती.

त्या रविवारीही तेच झालं. पहिल्याच सेशनमध्ये जुन्या विहिरीजवळच्या वळणावर मागचं चाक बाजूला सरकलं. विचार करायच्या आत गुडघ्यांनी टाकी आवळली, मनगटं ढिली झाली, गाडी एकदा झटका देऊन सरळ झाली. दुसऱ्या फेरीला तेच. पाचव्या फेरीला पुन्हा. ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी, पिटमध्ये, ती आली तेव्हा हेल्मेटच्या आत तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

"मॅडम, थ्रॉटल लवकर उघडताय तुम्ही," रियाज शिकलगार म्हणाले. साठी ओलांडलेले रियाजभाई एकेकाळी शर्यती गाजवून बसलेले. खांद्यात धातूची पट्टी बसल्यापासून ते फक्त शिकवायचे.

"रियाजभाई, मी थ्रॉटलला हातच लावला नव्हता."

"आपल्याला तसं वाटतंय. मनात घाई असली की मनगट फिरतंय."

"माझ्या मनात काही घाई नाही!"

हे ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारी चहा पीत उभे असलेले जयवंत आवटी दचकले. आवटी विमा कंपनीत होते. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, स्वभाव शांत. संध्याकाळी अजूनही टेबल टेनिस खेळायला जायचे आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पोरांना हरवायचे. त्यांची गाडी सुनेत्राच्याच कंपनीची, त्याच वर्षीची, टायरही तेच. पण ते या ट्रॅकवरून भाजी आणायला निघाल्यासारखे जायचे. गाडी कधी तसूभर हलली नव्हती.

सुनेत्रानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? टायर बदलले. सस्पेन्शन मऊ करून घेतलं, मग कडक करून घेतलं. रियाजभाईंनी सांगितलं म्हणून व्यायाम लावला. त्यांनी आता देव पाण्यात ठेवायला सांगितलं असतं तर तेही तिनं केलं असतं.

"तुम्हीच चालवून बघा," तिनं रियाजभाईंपुढे किल्ली धरली.

ते तिची गाडी घेऊन चार फेऱ्या मारून आले. गाडी एकदाही घसरली नाही. "गाडीत काही नाही मॅडम. लोण्यासारखी चालतेय."

"आवटीसाहेब, तुमची द्या."

"घ्या की," आवटी म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर धाकधूक होती.

आवटींची गाडी दुसऱ्याच फेरीत विहिरीच्या वळणावर मागून सुटली. तिनं ती सावरली, पण परत येताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाऊस होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही. म्हणजे गाडी नव्हे, टायर नव्हे. आपणच.

"मॅडम, राग मानू नका," रियाजभाई हळूच म्हणाले. "पावसातलं सोडून द्या. कोरड्यात तुम्ही छान चालवता."

ती सरळ पिटच्या टोकाला असलेल्या काचेच्या खोलीकडे गेली.

त्या खोलीत पावसाळाभर पकडजाळ्याचे लोक बसत. जाळं जिथं तपासता येईल असे बंद ओले रस्ते त्यांना थोडेच मिळत. त्या दिवशी आत डॉ. चारुलता हळबे एकट्याच होत्या. जाळ्याचं मूळ गणित त्यांचं, हे सुनेत्राला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं.

"तुमच्या जाळ्यात बिघाड आहे," सुनेत्रा दारातूनच म्हणाली. तिच्या रायडिंग सूटमधून फरशीवर पाणी ठिबकत होतं. "मी ज्या गाडीवर बसते ती घसरते. दुसरं कुणी बसलं की नाही घसरत. मी चालवणं सोडायच्या आत मला कळायला हवं."

हळबेबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बघितलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा. बिघाड नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओल्या रस्त्यावर पकड किती आहे, हे कसं मोजतात असं तुम्हाला वाटतं?"

"त्या टायरमधल्या तारा मोजतात ना."

"तारा पाणी मोजतात, तापमान मोजतात, रबर किती ताणलं ते मोजतात. पण पकड ही एकट्या रस्त्याची नसते आणि एकट्या टायरचीही नसते. ती दोघांच्या मधली गोष्ट. टायर नेहमीच अगदी थोडा सरकत असतो. तो जसजसा सरकतो तशी पकड वाढत जाते, एका टोकापर्यंत. त्या टोकापलीकडे ती एकदम कोसळते. आज, या पावसात, या वळणावर ते टोक नेमकं कुठे आहे, हे ते ओलांडल्याशिवाय कळत नाही. आम्ही सगळे उपाय करून पाहिले."

"म्हणजे कुणीतरी घसरायला हवं."

"दर थोड्या वेळानं एका गाडीनं, हो. आम्ही त्याला चाचपणी म्हणतो. एका गाडीवरचा जाळ्याचा आवर वळणावर किंचित सैल केला जातो. चाक टोक ओलांडतं, ते टोक बाकी सगळ्यांना कळतं आणि मग कुणीच त्याच्या जवळ जात नाही."

"आणि ती एक गाडी कुणाची?"

"जो सावरू शकेल त्याची. घसरल्यापासून सावरेपर्यंत किती वेळ गेला, हे हँडलवरच्या दाबावरून मोजता येतं. त्यावरून प्रत्येकाचा सावरांक ठरतो. जाळं माणूस हातांवरून ओळखतं. म्हणून तुम्ही गाडी बदललीत तरी फरक पडला नाही. शहरात हजारो गाड्या असतात, एकाच्या वाट्याला वर्षातून एखादी चाचपणी येते. 'जरा घसरली' म्हणून माणूस विसरून जातो. इथं अठरा गाड्या आहेत. त्यात तुमचा सावरांक सगळ्यांत वरचा. बऱ्याच वरचा."

"आमच्याकडे मालाबरोबर एक टेस्ट बार ओततात," सुनेत्रा सावकाश म्हणाली. "तो मशीनवर ओढून तोडतात. कितीला तुटला त्यावरून बाकीचा माल पास होतो."

"तसंच. फक्त आम्ही न तुटणारा निवडतो."

"माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं गेल्या पावसाळ्यात!"

हळबेबाईंनी मान खाली घातली. "शंभरातली एखादी वेळ चुकते. दुसऱ्या कुणावर सोपवलं तर शंभरातल्या जास्त वेळा चुकते."

"वर्षभर मी रियाजभाईंची बोलणी खाते आहे. मला चालवता येत नाही म्हणून रात्री झोप लागत नाही मला."

"इथल्या कुणाहीपेक्षा तुम्हाला चांगलं चालवता येतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी सुनेत्रानं काय वाटेल ते दिलं असतं. आता ते ऐकून तिला फक्त चीड आली. "काढा मला यातून."

"काढते. तो तुमचा हक्क आहे. पण चाचपणी थांबणार नाही. ती पुढच्या माणसाकडे जाईल."

"कोण पुढचं?"

"ते विचारू नका. सांगितलं तर निवड तुम्हाला करावी लागेल. यंत्राला करू द्या, त्याला त्याचं काही वाटत नाही."

सुनेत्रा दाराशी घुटमळली. बाहेर पुढच्या सेशनसाठी गाड्या सुरू होत होत्या. मग सगळं वर्ष तिच्या अंगात एकदम उसळून आलं. "काढा," ती म्हणाली.

त्यानंतरच्या फेऱ्या ती आयुष्यभर विसरणार नव्हती. पाऊस तसाच होता, ट्रॅकवरून पाण्याचे ओहोळ तसेच वाहत होते, पण गाडी जमिनीला चिकटून चालली होती. विहिरीचं वळण आलं तेव्हा तिनं श्वास रोखला. काहीच झालं नाही. पुढच्या फेरीत ती जास्त झुकली, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसत होती.

पुढे आवटींची गाडी दिसत होती. आवटी नेहमीसारखे सावकाश वळणात शिरले आणि त्यांचं मागचं चाक सुटलं. त्यांनी ते सावरलं. सुनेत्राचं हसू थांबलं. पुढच्या फेरीत चाक पुन्हा सुटलं. या वेळी त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, गाडी उलट्या बाजूला फेकली गेली आणि आवटी हात पुढे करून खडीवर आदळले.

ती गाडी टाकून धावली तेव्हा ते उठून बसले होते. उजवं मनगट भलत्याच कोनात वळलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"माझंच चुकलं हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "हात जड पडला बहुतेक. खेळायचा हात आहे हा, मांडलिकबाई. बरा होईल ना?"

रियाजभाई त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले. "थ्रॉटल लवकर उघडलात आवटीसाहेब," ते मायेनं म्हणाले. "होतं असं."

रुग्णवाहिका गेल्यावर सुनेत्रा परत काचेच्या खोलीत आली. "पुढचे तेच होते ना?"

हळबेबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला परत घाला चाचपणीत."

"घालते." त्यांनी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं. "पण तुमचीच निवड होईल असं सांगता येत नाही. सावरांक काही पदवी नाही, एकदा मिळाली की भिंतीवर टांगायला. तो क्षणाक्षणाला मोजला जातो. ज्याला ठाऊक नसतं तो घसरल्यावर सावरतो. ज्याला ठाऊक असतं तो घसरायच्या आधीच आवळून बसतो. त्याचा सावरांक पडतो."

"म्हणून तुम्ही कुणाला सांगत नाही."

"आम्ही लपवलेलं नाही. कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही, हे आमच्या पथ्यावर पडतं, हेही खरं."

"मी नाही आवळून बसणार."

ती पुन्हा ट्रॅकवर उतरली. विहिरीच्या वळणात ती घसरण्याची वाट बघत शिरली. चाक सुटलं नाही. तिनं बोटं मोकळी केली, खांदे सोडले, दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. फाउंड्रीतला सोमवार आठवला, आईचं औषध आठवलं. पण वळण जवळ येताच हाताच्या शिरा आपोआप ताठ होत. ते तिला कळत होतं, म्हणजे जाळ्यालाही कळत होतं. तिनं वेग वाढवला. टायरनं रस्ता धरून ठेवला. "घे ना मला!" ती ओरडली. गाडी शहाण्यासारखी वळली आणि सरळ रस्त्याला लागली.

दोन वळणं पुढे हिरवा सूट घातलेल्या कुणाची तरी गाडी मागून सुटली, हलली, सरळ झाली. पुढच्या फेरीत पुन्हा. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा.

सेशन संपलं तेव्हा ती हिरव्या सूटमधली बाई पिटमध्ये गाडीशेजारी उभी होती. हेल्मेट काढलं तर पस्तिशीची, गोल चेहऱ्याची. ती स्वतःहून सुनेत्राजवळ आली.

"मी ज्योत्स्ना खोत, सांगलीहून येते. शाळेत शिकवते. मॅडम, तुम्हाला एक विचारू? सकाळपासून चांगली चालली होती माझी गाडी. आत्ता तीनदा मागून गेली. टायर नवेच आहेत. काय चुकतंय माझं?"

तिचे हात अंगाशेजारी मोकळे लोंबत होते. त्यांत भीती नव्हती, नुसतं कोडं होतं. याच हातांनी तिला तीनदा वाचवलं होतं. तिला सांगितलं तर हे हात आवळतील. मग जाळं तिच्याही पुढे जाईल, आणखी कमी सावरणाऱ्या कुणाकडे तरी. सुनेत्रानं पिटमध्ये चहा पिणाऱ्या, हसणाऱ्या लोकांकडे बघितलं. त्यांतला तो पुढचा कोण, हे तिला माहीत नव्हतं.

पलीकडे रियाजभाई शेवटच्या सेशनसाठी नावं पुकारत होते.

"हवा जरा जास्त असेल टायरमध्ये," सुनेत्रा म्हणाली.

"हो का?" ज्योत्स्नाचा चेहरा उजळला. "थँक्यू हं मॅडम." आणि ती ओल्या फरशीवर वाकून मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढू लागली.