मागे केलेला हात

माझी मावशी आजही उजव्या हाताने जेवत नाही. चमचा डाव्या हातात धरते, आणि कुणी कारण विचारलं की ताटावरून उठते. तुम्हाला ही थाप वाटली तर वाटू दे. मी ते ताट रोज बघते.

भुतं म्हणे रात्री निघतात.

हे घडलं भर दुपारी. ओहोटीला, खारफुटीच्या जंगलात.

मावशी नर्स आहे. सडलेल्या जखमा धुऊन आली तरी चवीने जेवायची. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मोठी मावशी, जिला ती ताई म्हणते, खाडीकाठच्या वस्तीत राहते. चिखलातले खेकडे पकडून विकते. ताईचा नवरा त्याच चिखलात रुतला, वरून भरती आली. प्रेतसुद्धा मिळालं नाही. तरी ताई आत जायची, एकटी. म्हणून मावशी तिला कायमची आपल्याकडे न्यायला आली होती.

"आत पिंजरे लावलेत," ताई म्हणाली. "तेवढे काढते, मग येते."

"मीपण येते. तू म्हणजे बोलाची कढी."

आत शिरल्यावर मावशीने नाकाला पदर लावला. कुजलेली पानं, मेलेले मासे, आणि पाऊल उचललं की... पचक्.

तिथे एकामागे एक चालतात. वाटेवर खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतात. नवख्या माणसाला पुढे घालायचं, म्हणजे तो नजरेसमोर राहतो. मागे वळायचं नाही, तोल जातो. मागच्याचा पाय रुतला तर पुढच्याने न वळता नुसता हात मागे करायचा.

जाताना ताई एकदा रुतली. मावशीने हात मागे केला, ताईने धरला, निघाली.

परतताना मात्र अरुंद वाटेवर दोघी जागच्या जागी वळल्या. आता ताई पुढे होती. झपझप चालत ती झाडांच्या वळणाआड गेली. मावशी खाली मान घालून एकेक पाय उपसत होती. कधी एकदा अंघोळ करते असं तिला झालं होतं.

मागून आवाज येत होता...

पचक्. पचक्.

मग थांबला.

जातानासारखी ताई मागेच आहे आणि पुन्हा रुतली, असं वाटून मावशीने हात मागे केला.

हात आला...

गार. फुगलेला. बोटं तिच्या बोटांत बरोबर बसली.

"अगं, थांबलीस का?" ताईने विचारलं.

समोरून.

मावशीने हात हिसडला. काहीतरी सुटलं. मुठीत ओलं, बुळबुळीत कातडं राहिलं, नखांसकट. हातमोजा निघावा तसं. फार दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाची कातडी अशीच निघते. मावशीने ती कामावर पाहिली होती.

तिने ते फेकलं आणि तिथेच भडाभडा ओकली.

ताई परत आली. चिखलावरून खेकडे ते कातडं बिळाकडे ओढत होते. ताई घाबरली नाही. तिने मावशीचा तळवा उलटसुलट करून पाहिला. नाकाशी नेला.

"पकड घट्ट होती का गं?"

मावशीने हात सोडवून घेतला आणि पदराला पुसत राहिली.

"मी रोज करते हात मागे. माझा कधी धरला नाही त्याने." ताईचे डोळे भरून आले होते. "तू जा. मी आता नाही येत."

आणि ती नाहीच आली.

मावशीने साबण, फिनेल, स्पिरिट, सगळं लावून पाहिलं. वास जात नाही. मीही घेतलाय तो वास. नंतर दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

परवा आम्ही बाजारातून येत होतो. बोळ अरुंद, मावशी पुढे, मी मागे. तिचा उजवा हात आपसूक मागे आला. मला किळस आली. मी माझे दोन्ही हात पिशवीत घातले.

तरी तिची बोटं हळूहळू मिटली... कशावर तरी.

घरी आल्यावर ती बराच वेळ हात धूत होती.

"मघाशी बोळात तूच धरलास ना गं?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.