सावीच्या काकाची लबाडी

चकलांब्यात विजयमालानं वाटेतल्या एका तरुणाला विचारलं, "वत्सलाबाईंचं घर कुठं आहे?"

त्याच्या कडेवर दोन वर्षांची पोर होती. "चला, दावतो," म्हणत तो निघाला आणि तिसऱ्या दारात थांबला. "आमचंच हाय. मी आदिनाथ. ही माझी पुतणी, सावी. हिच्यासाठीच आलात ना?"

"मग आधीच सांगायचं."

"मग चार पावलं सोबत कशी चालला असता?"

सावी अजून उभी राहत नव्हती. आईबाप ऊसतोडीला गेलेले. घरात आजी आणि काका. उशिरा उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून विजयमाला दर मंगळवारी यायची, ती घरच्यांना शिकवायला. घरचे शिकले, पोर उभं राहिलं की भेटी बंद, अशी त्या कामाची रीत.

"खुळखुळा हातात देऊ नका. बाजेवर ठेवा, म्हणजे तो घ्यायला ती उठेल. मग गप्प बसा... तिला तिचा वेळ घेऊ द्या."

आदिनाथ दर वेळी चुकायचा. खुळखुळा सरळ सावीच्या हातात. विजयमाला पुन्हा दाखवायची, आणि तो तिच्याकडंच बघत राहायचा.

"लक्ष कुठंय?"

"शिकतोय की, मॅडम."

"अख्खं गाव हिला ताई म्हणतंय," वत्सलाबाई पुटपुटल्या. "ह्यालाच मॅडम कावून लागती?"

विजयमालाचे कान तापले.

आठव्या मंगळवारी मात्र ती हसली नाही. "सावी पुढं सरकत नाही. बीडला मोठ्या डॉक्टरांकडं न्यावं लागेल. तिच्या आईला फोन करते."

"थांबा." आदिनाथनं खुळखुळा बाजेवर ठेवला आणि गप्प बसला. सावीनं बाजेची दोरी धरली. गुडघे लटपटले... आणि ती उभी राहिली.

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. सांगितलं असतं तर तुमचं येणं थांबलं असतं."

"आणि मी पंधरा दिवस घोर लावून घेतला, त्याचं काय?"

"लई चुकलो."

तिनं आधी सावीच्या आईला फोन लावला, उभी पोर दाखवली. पलीकडं उसाच्या फडात आई रडत हसली. मग विजयमालानं पिशवी उचलली.

"मॅडम... काम नसताना याल? माझ्यासाठी?"

एवढं विचारून तो गप्प राहिला. वत्सलाबाई काही बोलणार, तर त्यानं हात वर केला. "आई, तिला तिचा वेळ घेऊ दे."

विजयमालाला हसू आवरेना.

"मंगळवारी जमणार नाही."

त्याची मान खाली गेली.

"रविवारी येईन. आणि ते मॅडम बंद करा — नाव आहे मला."