सहावी खिडकी

कोंडीरामला अक्षरओळख झाली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तीही पोटच्या लेकीकडून. जालन्याकडून पोटासाठी आलेला गडी. आकुर्डीच्या एका वर्कशॉपात पत्र्याचे भाग काढणारा पॉवर प्रेस चालवायचा आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. जयमाला तेव्हा आठ वर्षांची होती.

“अण्णा, तुमच्या अंगठ्याला ग्रीस असतं,” ती म्हणाली. “कागद घाण होतो. सही शिका त्यापेक्षा.”

तिला शाळेत बक्षीस मिळालेलं एक पुस्तक होतं, ‘सातव्या चंद्रावर’. मुलं यानात बसून दूरच्या चंद्राकडे निघतात, अशी विज्ञानकथा. कोंडीराम पहिली शिफ्ट करून दापोडीच्या खोलीवर आला, की हातपाय धुऊन मांडी घालून बसायचा. लेक त्याचं बोट धरून अक्षराखाली ठेवायची. जोडाक्षराला गाडी अडली की बोट पुढं ओढायची.

“अडलं तर थांबायचं नाही, अण्णा. बोट सरकवायचं.”

एकतिसाव्या पानावर यानाचं चित्र होतं. सहा खिडक्या आणि पाच चेहरे. सहावी खिडकी काळी. ती कुणाची, असं त्यानं विचारलं.

“ज्याला यायला उशीर झाला त्याची.”

शेवटचं एक पान राहिलं होतं, तेव्हा तिला ताप भरला. चार दिवसांत सगळं आटोपलं. नऊ वर्षांचा जीव, म्हणून मातीत ठेवला. तिच्या आईनं, शालनबाईनं, ते पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं.

त्यानंतर बसची पाटी वाचली, औषधाची बाटली वाचली, की कोंडीराम मनातल्या मनात हात जोडायचा. लोक देवाला जोडतात, हा लेकीला जोडायचा.

चौऱ्याण्णव साली दापोडी स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात त्याला त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती दिसली. मुखपृष्ठ निराळं, कागद पातळ. त्यानं उभ्याउभ्याच एकतिसावं पान काढलं. सहाव्या खिडकीत पंधराएक वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, डावी रिबीन सुटलेली. जयमालाची डावी रिबीन कधी जागेवर राहिली नव्हती.

चित्रकाराला वाटलं असेल, काढली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण पुस्तक घेतलं.

तिसरी आवृत्ती निघाली दोन हजार तीन साली. खिडकीत चोविशीची तरुणी. दोन हजार चौदाच्या चौथ्या आवृत्तीत तिला चष्मा लागला होता. बाकीची पाचही मुलं होती तेवढीच होती.

कंपनीत नवा पीस आला की तो मास्टर पीसशेजारी, म्हणजे नमुन्याशेजारी ठेवायचा, मगच पास करायचा, ही त्याची तीस वर्षांची सवय. त्या रद्दीच्या दुकानाच्या धम्मरत्नानं कुठूनशी पहिल्या आवृत्तीची प्रत मिळवून दिली, तेव्हा कोंडीरामनं तिथंच चारही पुस्तकं ओळीनं मांडली. पहिलीत खिडकी काळीच होती.

“छपाईत फरक पडतो काका,” धम्मरत्न म्हणाला. “रंग उडतो.”

“रंग उडतो राव. चष्मा लागतो काय?”

धम्मरत्नानं मागचं पान उलटलं. ‘चित्रे मूळ आवृत्तीतीलच’, असं पुढच्या तिन्ही आवृत्त्यांत छापलेलं होतं. त्यानं पुन्हा खिडक्या पाहिल्या, मग पुस्तकं बांधून दिली आणि पैसे घ्यायचं विसरला.

शालनबाईला वाचता येत नव्हतं, चित्र मात्र दिसत होतं. तिनं बराच वेळ खिडकीवर हात ठेवला.

“वाढतीये ना?” ती म्हणाली. “मग बास झालं. पायात पाय घालू नका तिच्या.”

कोंडीरामनंही मग शोध केला नाही. मिळालं ते उपकारच म्हणायचे. शेवटचं पान मात्र त्यानं एकाही प्रतीत वाचलं नाही. ते तिच्यासोबत वाचायचं राहिलं होतं.

यंदा पाचवी आवृत्ती निघाली. धम्मरत्न दुपारी स्वतः पिंपळे गुरवला घरी आला, प्लास्टिकमधलं कोरं पुस्तक ठेवून पाणीही न घेता गेला.

कोंडीरामनं प्लास्टिक फाडलं. एकतिसावं पान काढलं.

सहावी खिडकी काळी होती.

एवढी वर्षं दिसली, ती आता गेली. त्यानं बाकीच्या प्रती काढल्या, ओळीनं मांडल्या, एकेक पाहत गेला. पाचवीपाशी पुन्हा थांबला.

यानाचं दार उघडं होतं. दारातून शिडी खाली सोडलेली होती.

चारही प्रतींत दार बंद होतं.

तो शेवटच्या पानावर गेला. कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा होता. त्यानं पुसून पाहिला, तर बोटाला ग्रीस लागलं. वर्कशॉप सोडून त्याला सोळा वर्षं झाली होती.

त्यानं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत एक अवघड जोडाक्षर आलं. वाचता येत होतं, तरी तो थांबला.

बोट सरकलं.

त्यानं सरकवलं नव्हतं. बोटाभोवती उबदार पकड होती, आणि ती लहान मुलीची नव्हती. चांगली भरलेली, मोठ्या बाईची मूठ होती.

पान संपेपर्यंत तो वाचत राहिला. डोळे वाहत होते, पण शब्द चुकला नाही.

“अहो, चहा ठेवू का?” आतून शालनबाईनं विचारलं.

“ठेव. तीन कप.”

आत भांडं वाजलं, गॅस पेटला. मग ओट्यावर तीन कप एकेक करून ठेवल्याचा आवाज आला.

“विचारा तिला,” शालनबाई म्हणाली, “साखर किती लागते आता?”