हळू बोलू नकोस

अंधेरीच्या डिझाइन क्लासमध्ये अनयचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून सरांनी त्याला स्वरदाच्या शेजारी बसवलं. काम सोपं होतं — प्रेशर गेजच्या तबकडीवर शून्य ते दहा खुणा करायच्या.

अनयने एक रेघ काढली. पूर्ण गोलाचे दहा भाग केले आणि रेघ फिरवत नेली.

“अहो, दहा कुठंय?” स्वरदाने विचारलं.

“हा काय... शून्यावर.”

ती फस्सकन हसली. “घड्याळ आहे का हे? बॉयलर फुटायला येईल तरी तुमचा काटा शून्यच दाखवेल! खाली जागा सोडा. दोनशे सत्तर अंशांत भागा. एवढंही कळत नाही?”

अख्खा वर्ग वळून बघायला लागला. अनयला राग यायला हवा होता, पण आला नाही. अस्मिता, त्याची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत. कंपनीत, बिल्डिंगमध्ये, वाण्याकडेसुद्धा. चूक केली तरी ‘असू दे हं’. असं त्याला कुणी झापलंच नव्हतं.

दोन-तीन रविवारांत ‘अहो’चं ‘अरे’ झालं. मग एकदा त्याने पाचची मोठी खूण लहान काढली.

“मुद्दाम करतोयस ना रे?”

“तू ओरडावंस म्हणून.”

“वेडाच आहेस!” ती म्हणाली. पण मान वळवून हसली... ते त्याने पाहिलं.

मग क्लासनंतर चहा सुरू झाला. भांडत भांडत, दोघांत एक वडापाव.

एका रविवारी मात्र ती गप्प होती. त्याचे आकडे उलटे लागले, तरी हळूच म्हणाली, “राहू दे... मी करते.”

अनयने माउस सोडला. “कुणी सांगितलं तुला?”

“तुझ्या बिल्डिंगमधली शर्मिष्ठा भेटली. सॉरी रे... मी किती बोलले तुला—”

“मग बोल ना! बायको गेली माझी, स्वरदा. मी नाही गेलो. अजून रडतो तिच्यासाठी. तू हसलीस की हसतो. मी दोन्ही करणार.”

तेवढ्यात सुगंधाताईचा, त्याच्या बहिणीचा, फोन आला. तोच नेहमीचा हळू आवाज. “अनय, क्लासमध्ये कुणी मुलगी असते म्हणे? अरे, लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. आणि ताई, हळू बोलू नकोस, मी आजारी नाहीये. हो, आहे मुलगी. आवडते मला.”

त्याने फोन ठेवला. वर्गात कीबोर्डचा आवाज थांबला होता. स्वरदा लालबुंद झाली होती.

“ताईला आधी सांगतोस? मला नाही?”

“आता सांगतो...”

“मग उभा राहून सांग. मोठ्यानं!”

अनय खुर्ची मागे सारून उभा राहिला. “स्वरदा, मला तू आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?”

“करीन!” ती म्हणाली. त्याच्यापेक्षाही मोठ्यानं.